तीनशे अठरा सह्या

१

सुनावणीच्या हॉलमध्ये पालिकेच्या नगररचना खात्याच्या साहेबांनी तीनशे अठरा कागदांचा गठ्ठा उचलून दाखवला आणि आनंदीनगरच्या रहिवाशांचे आभार मानले.

आधी सगळ्यांना वाटलं, ही नुसती बोलायची पद्धत असेल. खुर्च्यांवर बसलेल्या साठ-सत्तर माणसांपैकी निम्म्यांना गुजराती बोललेलं समजत होतं, पण साहेबांचं कचेरीतलं गुजराती भरभर पुढे जात होतं. शेवटी स्वातीने, जी आनंदीनगरात झेरॉक्सचं दुकान चालवायची आणि गुजराती माध्यमात शिकलेली होती, मागे वळून हळू आवाजात मराठीत सांगितलं. साहेब म्हणत होते की नव्या नगररचना योजनेला आनंदीनगरातून एकही हरकत आलेली नाही. उलट तीनशे अठरा घरांनी लेखी संमती दिली आहे.

तारा बोरसे उभी राहिली. चोपन्न वर्षांची, अंगाने किरकोळ बाई. पारोळ्याकडून लग्न होऊन सुरतेत आली त्याला पस्तीस वर्षं झाली होती. तिने सांगितलं की आम्ही हरकती दिल्या होत्या. मराठी शाळेचा प्लॉट गोदामाला देऊ नये म्हणून दिल्या होत्या. मी स्वतः दारोदार जाऊन सह्या घेतल्या.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी तिला पुढे बोलावलं, गठ्ठा चाळला आणि एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. वर गुजराती मजकूर छापलेला होता. खाली देवनागरीत तिच्याच हाताने लिहिलेलं होतं, तारा पांडुरंग बोरसे, घर नंबर एकशे चार. सही तिची होती. तिला ती कुठेही ओळखता आली असती.

साहेबांनी मजकुराच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. "आ योजना सामे अमने वांधो नथी." आमची हरकत नाही.

मग त्यांनी सांगितलं की आपल्या सहीचा गैरवापर झाला असं कोणाला वाटत असेल तर त्याने सात दिवसांत ओळखपत्र घेऊन स्वतः यावं आणि जबाब लिहून द्यावा. वस्तीच्या वतीने एकट्यादुकट्याने बोललेलं चालणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर लोक थांबले होते. उषाबाई, सत्तरीची म्हातारी, ताराच्या शेजारच्या घरात राहणारी, तिच्याकडे बघत राहिली आणि मग घरच्या अहिराणीत तिने एवढंच विचारलं, "तारा, आमनी सही तू कशावर लिधी?"

२

शाळेचं भांडण साधं होतं. आनंदीनगर हायवेच्या एका अंगाला आणि पलीकडे दुसरी पालिका शाळा. मधल्या रस्त्यावरून हजीऱ्याहून पोलादाची रिळं घेऊन येणारे ट्रेलर दिवसभर धावायचे. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या सखुबाईचा नातू तिथेच ट्रेलरखाली गेला होता. नव्या योजनेत इकडच्या मराठी शाळेचा प्लॉट मोकळा करून गोदामाला द्यायचा होता आणि मुलांना पलीकडच्या शाळेत सामावून घ्यायचं होतं.

ही बातमी वस्तीला दिली ती शाळेचे मुख्याध्यापक वाल्मिक सोनवणे सरांनी. वर्तमानपत्रातली जाहीर सूचना कापून ते दारोदार फिरले. एका महिन्यात हरकती द्यायच्या होत्या. शाळेच्या पटांगणात सभा झाली. सरांनी सांगितलेला मजकूर स्वातीने गुजरातीत टाईप केला आणि सभेत वाचून दाखवला. नंतर छापील फॉर्म आले. तारा आणि आणखी तीन बायकांनी बारा दिवस फिरून सह्या घेतल्या. योगराजने, जो रिक्षा चालवायचा आणि पक्षाचं कामही करायचा, गठ्ठा आपल्या रिक्षातून कचेरीत नेऊन दिला. आवक टेबलावरच्या भूपेंद्रभाईंनी शिक्का मारून पोच दिली. पोचपावतीवर लिहिलं होतं, कागद तीनशे अठरा.

म्हणजे सह्या घेणाऱ्या बायका सोडल्या तर चार माणसांचे हात त्या कागदांना लागले होते. स्वाती, योगराज, भूपेंद्रभाई आणि सर. चौघांपैकी कोणावर संशय घ्यावा हे ताराला कळेना. तिला स्वतःचाच राग येत होता. ती देवनागरी भराभर वाचायची. गुजराती अक्षरं मात्र तिला दुकानाच्या पाट्यांपुरतीच येत. फॉर्म हातात घेऊन ती दारोदार फिरली होती आणि एकदाही तिने वरची ओळ कोणाकडून वाचून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, ती सव्वीस वर्षं कापड तपासत होती. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जातं आणि तुटलेला धागा, तेलाचा ठिपका, रंगाची रेघ दिसली की तिथे खूण करायची, हे तिचं काम. डाग कुठे आणि कसा पडला हे बघून तो कोणत्या मशीनवर पडला हे ती सांगू शकायची. मालक तिला त्यासाठीच मानायचा.

भूपेंद्रभाई पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. तक्रार ऐकून घेतल्यावर ते म्हणाले की ताराबेन, कागद बाहेर नेता येणार नाहीत, पण इथे माझ्यासमोर बसून बघा. त्यांनी तिला खुर्ची दिली.

तिने एकेक पान खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं. आधी ती गिरवलेल्या सह्या शोधत होती. दुसऱ्याची सही बघून काढलेली असली की हात थांबत थांबत जातो आणि शाई ठिकठिकाणी जाड होते. तसं कुठेच नव्हतं. मग मंगलाबाईंचा कागद आला. त्याच्या कोपऱ्यात डिंकाने चिकटलेला एक बारीकसा चमकता खडा होता. मंगलाबाई घरी साड्यांवर खडे चिकटवायच्या. सही घेताना त्यांच्या बोटाला डिंक होता आणि खडा कागदाला चिकटला तेव्हा दोघी हसल्या होत्या. पुढे उषाबाईंचा अंगठा होता. शाईचं पॅड सुकल्यामुळे तारानेच त्यात पाण्याचे दोन थेंब टाकले होते आणि अंगठ्याच्या कडेने निळं पाणी पसरलं होतं. कागदावर ते निळं पाणी तसंच होतं.

ताराने गठ्ठा मिटला. भूपेंद्रभाईंनी विचारलं की काय सापडलं. तिने आपल्या फॉर्मची नक्कल मागितली. कोणी कागद बदलले नव्हते. ज्या कागदांवर तिने सह्या घेतल्या होत्या तेच हे कागद होते.

३

कागद तेच असतील तर भूपेंद्रभाईंनी काही केलं नव्हतं आणि गठ्ठा नेणाऱ्या योगराजने वाटेत काही करण्याचाही प्रश्न नव्हता. खोट सह्या घेण्याआधीच पडलेली होती. पण सभेत वाचलेला मजकूर तर खरा होता. तो सगळ्यांनी ऐकला होता.

सभेच्या दिवशी सरांनी चारही बायकांना नमुन्याची एकेक प्रत दिली होती. ताराने ती घरी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. ती घेऊन ती स्वातीच्या दुकानात गेली. भूपेंद्रभाईंनी तिला तिच्याच फॉर्मची नक्कल दिली होती. दोन्ही कागद तिने स्वातीपुढे ठेवले आणि सांगितलं की शब्दाला शब्द लावून वाच, मला घाई नाही.

स्वाती तेवीस वर्षांची होती. तिने बोट ठेवून दोन्ही कागद वाचले आणि तिचा चेहरा उतरला. नमुन्यात शेवटचा शब्द होता छे, म्हणजे आहे. फॉर्मवर होता नथी, म्हणजे नाही. बाकी सगळं तेच दिसत होतं. तेवढा एक शब्द बदलला की हरकतीची संमती होत होती.

"आणखी काही?" ताराने विचारलं.

स्वातीने पुन्हा वाचलं. मग म्हणाली की एक आकडा वेगळा आहे. नमुन्यात शाळेचा प्लॉट नंबर अठ्ठ्याहत्तर होता. फॉर्मवर सत्याऐंशी.

मग स्वाती आपणहून बोलायला लागली. संशय पहिला आपल्यावर येणार हे तिला कळलं होतं. ती म्हणाली की काकू, ते फॉर्म माझ्याकडे छापलेच नाहीत. त्या आठवड्यात माझं मशीन बंद होतं, कारागीर दोनदा येऊन गेला. मी फक्त नमुना टाईप केला आणि फाईल सरांच्या आणि योगराजभाईंच्या फोनवर पाठवली. घरचा फॉर्मही वडिलांनी परस्पर सही करून दिला. मी ते फॉर्म आज पहिल्यांदा बघते आहे.

ताराला आठवलं. उघडं पडलेलं मशीन आणि काउंटरवर मांडलेले त्याचे भाग तिने स्वतः पाहिले होते. पोरगी खरं बोलत होती.

"मग छापलेले फॉर्म आमच्याकडे कोणी आणून दिले?" ती स्वतःशीच म्हणाली. उत्तर तिला माहीत होतं. पाचशे कोरे फॉर्म, सुतळीने बांधलेले, योगराजने रिक्षातून आणून तिच्या ओट्यावर ठेवले होते.

४

योगराज नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवर सापडला. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. मतदारयादीत नाव घालणं, दाखले काढणं, दवाखान्यात ओळख लावणं, वस्तीची सगळी कामं तो करायचा आणि त्याबद्दल निवडणुकीत लोकांना पक्षाच्या सभेला न्यायचा. त्याच्या नेत्याला गोदाम हवं असणार हे उघड होतं. ताराने मनात त्यालाच धरलं होतं.

तिने त्याला रिक्षातून खाली उतरायला सांगितलं आणि फॉर्म त्याच्या हातात दिला. वाचून दाखव म्हणाली.

योगराजने कागद उलटसुलट केला. मग तो कसानुसा हसला. तो मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला होता. गुजराती तो सुरतेतल्या माणसासारखं बोलायचा, पण त्याला अक्षर येत नव्हतं. ताराला आठवलं की वस्तीतल्या प्रत्येकाचा अर्ज तो स्वातीकडून भरून घ्यायचा आणि तिला ते नेहमी आळशीपणाचं वाटलं होतं. ज्याला छे आणि नथी यांतला फरक वाचता येत नाही तो एक शब्द बदलून कसा छापून आणेल?

"तुला हे कोणी दिले?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं नाही. रिंग रोडवरच्या एका ओळखीच्या छापखान्यातून उचलले, एवढंच म्हणाला. ताराने पुन्हा विचारलं. तो स्टँडवरच्या दुसऱ्या रिक्षावाल्यांकडे बघत राहिला. त्याला आता हसू येत नव्हतं. सुनावणी होईपर्यंत त्या फॉर्मवर काय लिहिलंय हे त्यालाही माहीत नव्हतं, असं तो म्हणाला आणि ताराला ते पटलं. सुनावणीनंतर त्याने फॉर्म उचलून आणायला सांगणाऱ्या माणसाला जाऊन विचारलं होतं. त्या माणसाने कबूल केलं होतं.

"ताराताई, नाव मी घेणार नाही," तो म्हणाला. "ज्याने केलं त्याने तुमचं छप्पर वाचवायला केलं. तुम्ही आता शोधू नका."

५

शोधू नका म्हटल्यावर तिला थांबवेना. पण छप्पर या शब्दाने ती घाबरली होती. आनंदीनगरातल्या एकाही घराला पक्का दस्तावेज नव्हता. तीस वर्षांपूर्वी शेताचे तुकडे स्टँपपेपरवर विकत घेऊन लोकांनी खोल्या बांधल्या होत्या. पालिका वेरा, म्हणजे घरपट्टी, घ्यायची, पाणी द्यायची, पण घर कागदोपत्री कोणाचंच नव्हतं.

त्या दिवशी मशीनवर कापड सरकत असताना तिच्या डोक्यात शब्दापेक्षा आकडाच राहिला. शब्द कोणी बदलला हे कळत नव्हतं, पण का बदलला हे कळत होतं. आकडा बदलायचं मात्र काही कारण दिसत नव्हतं. संमती घ्यायची होती तर अठ्ठ्याहत्तर राहिला असता तरी काय बिघडलं असतं?

दुपारच्या सुट्टीत तिने भूपेंद्रभाईंना फोन केला. शाळेचा खरा प्लॉट नंबर कोणता, एवढंच विचारलं. त्यांनी नकाशा काढून बघितला. सत्याऐंशी, ते म्हणाले. वर्तमानपत्रातल्या सूचनेत छपाईची चूक झाली होती, आकडे उलटे पडले होते. दुरुस्ती कुठे जाहीर झाली नव्हती. खरा नंबर वरच्या मजल्यावर ठेवलेल्या नकाशातच दिसायचा आणि तो मागितल्याशिवाय कोणाला दाखवत नसत.

ताराने फोन ठेवला आणि डबा तसाच बाजूला सारला.

ज्याने शब्द बदलला तो सभेनंतर कचेरीत जाऊन नकाशा बघून आला होता. त्याला गुजराती लिहिता येत होतं. नमुन्याची फाईल फक्त दोघांच्या फोनवर गेली होती आणि त्यातल्या योगराजला अक्षर येत नव्हतं. नाक्यावर सगळ्यांच्या बातम्या सांगत बसणारा योगराज ज्याचं नाव घ्यायला तयार नव्हता, असा माणूस वस्तीत एकच होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, एवढं मोठं खोटं लिहीत असतानाही शेजारचा चुकलेला आकडा त्या माणसाला तसाच ठेवता आला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हात होता तो.

तिला वाटलं, आपलं चुकत असावं. तिने पुन्हा पहिल्यापासून जुळवून बघितलं. तेच नाव आलं.

६

शाळा सुटली होती. वाल्मिक सर चौथीच्या वर्गात खिडकीजवळ बसून वह्या तपासत होते. निवृत्तीला त्यांचे चार महिने राहिले होते. ताराची तिन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली होती. तिला बघून ते उठले, बाकावरची धूळ हाताने पुसली आणि बसायला सांगितलं.

ताराने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. काही विचारलं नाही. सर कागदांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी चष्मा काढला.

त्यांनी सगळं सांगितलं. सभेनंतर आकडा नीट बघून घ्यावा म्हणून ते कचेरीत गेले. नकाशाच्या खोलीत एक सर्वेवाला बसला होता. सरांनी त्याला आनंदाने सांगितलं की तीनशेच्या वर घरं हरकत देणार आहेत, प्रत्येक अर्जावर नाव आणि घर नंबर असेल. सर्वेवाला हसला.

"तो म्हणाला, मास्तर, आ तो अमारी सर्वेनी महेनत बची गई," सर म्हणाले. "आमची सर्वेची मेहनत वाचली, कोणाकडे दस्तावेज नाही त्याची यादी तुम्हीच आणून देणार, असं म्हणाला. हरकत देणाऱ्यांची कागदपत्रं आधी तपासली जातील. हे त्याने धमकी म्हणून सांगितलं नाही, ताराबाई. सहज सांगितलं. म्हणून मला जास्त भीती वाटली."

ते तीन दिवस झोपले नव्हते. तोवर वस्तीला उत्साह आला होता. नको म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, उलट सर विकले गेले म्हणाले असते. शाळा जाणार हे त्यांना नकाशा पाहूनच कळलं होतं, तिथे गोदाम आधीच काढून ठेवलेलं होतं. मग निदान घरं तरी राहावीत म्हणून त्यांनी छापखान्यात स्वतः बसून तो एक शब्द बदलला. संमती देणाऱ्याच्या घरी कोणी तपासायला येणार नाही, असं त्यांनी धरलं होतं.

"शाळा एक आहे," ते म्हणाले. "घरं तीनशे अठरा."

ताराला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण समोरचा माणूस हिशेब चुकलेल्या पोरासारखा बसला होता. शेवटी ती म्हणाली, "सर, पालिकेने आम्हाला विचारलं नाही म्हणून आपण उठलो होतो. तुम्ही तरी विचारायचं होतंत."

सरांचा हात वहीवर होता आणि लाल पेनचं टोक एकाच जागी टेकून तिथे ठिपका मोठा होत चालला होता.

जाताना तिने सांगितलं की मी हे लोकांना सांगणार आहे. त्यांचं कारणही सांगणार आहे. सात दिवसांतले तीन उरले होते.

७

रविवारी पटांगणात लोक जमले. ताराने काहीही लपवलं नाही. शब्द कोणी बदलला ते सांगितलं, सर्वेवाला काय म्हणाला ते सांगितलं. सर मागे भिंतीशी उभे होते. कोणी त्यांच्या अंगावर गेलं नाही. ती शिव्यांच्या तयारीने आली होती आणि शिव्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. लोक खाली बघत होते. मग एकाने विचारलं, आता जाऊन जबाब लिहून दिला तर घराचं काय? ताराला खात्री देता आली नाही. माणसं दोनदोन, तीनतीन करून निघून गेली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरीत तिघं आली, तारा, उषाबाई आणि योगराज. थोड्या वेळाने सरही आले. आपण मजकूर बदलला असा जबाब त्यांनी घरून लिहून आणला होता. साहेबांनी तो वाचला आणि परत दिला. सर पालिकेचे नोकर होते, योजनेतले रहिवासी नव्हते. त्यांनी आपलं म्हणणं खात्यामार्फत पाठवावं, इथे ते घेता येणार नाही. तिघांचे जबाब मात्र घेतले. महिन्याभराने उत्तर आलं की तीन हरकती विचारात घेतल्या, मान्य करता येत नाहीत.

मे महिन्यात शाळा पाडली. बाकं ट्रकमध्ये भरून हायवेच्या पलीकडे नेली. जूनपासून मुलं सकाळी घोळक्याने रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि दोन बायका हात आडवे करून ट्रेलर थांबवायच्या. मराठवाड्याकडून आलेल्या दोन घरांनी मुलींना शाळेत पाठवणंच बंद केलं.

जुलैत आनंदीनगरातल्या ब्याण्णव घरांना नोटिसा आल्या. योजनेत गोदामाकडे जाणारा साठ फुटी रस्ता होता आणि तो वस्तीच्या मधल्या गल्लीतून जात होता. तो नकाशा सरांनी पाहिला तेव्हा त्यांची नजर शाळेच्या प्लॉटवर होती, गल्लीकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. नोटिशीत लिहिलं होतं की सदर योजनेस रहिवाशांनी तीनशे अठरा पत्रांद्वारे लेखी संमती दिलेली आहे. ती संमती एका प्लॉटपुरती नव्हती. सगळ्या योजनेला होती.

तारा आपली नोटीस घेऊन शहरातल्या कतारगामला गेली. निवृत्तीनंतर सर तिथे मुलीकडे, जयश्रीकडे राहायला गेले होते. आपण तिथे का गेलो हे तिला नंतर नीट सांगता आलं नाही. त्यांना दुसऱ्याकडून कळू नये असं वाटलं असेल. सरांनी नोटीस वाचली, पुन्हा वाचली, घडी घातली आणि गॅलरीत जाऊन बसले. ती निघेपर्यंत ते आत आले नाहीत. चार दिवसांनी जयश्रीचा फोन आला. ती रागावलेली नव्हती. बाबा जेवत नाहीत, म्हणाली, तुम्ही परत येऊ नका.

नोटिशीवर हरकत द्यायला तीस दिवस होते. ताराने या वेळी अर्ज मराठीत लिहिला, ज्याला त्याला वाचता येईल असा, आणि ब्याण्णव दारं फिरली. स्वाती बरोबर होती. लोकांनी पाणी दिलं, बसायला दिलं. अर्ज कोणी हातात घेतला नाही. योगराज म्हणाला की त्याच्यावर वरून दाब आहे. कचेरीत तिच्याबरोबर आलेली उषाबाई शेवटची होती. तिने शाईचं पॅड जवळ ओढलं, ताराकडे बघितलं आणि ते परत सरकवलं.

"मनं नाव कोठेच नको लिखू, तारा," ती म्हणाली. घरात तिने भांडी पोत्यात बांधायला सुरुवात केली होती.

पांडुरंगला, ताराच्या नवऱ्याला, तीस वर्षं लूम चालवून आता ऐकू येत नसे. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा त्याने बोटांनी विचारलं की किती झाल्या. तिने एक बोट दाखवलं आणि ते स्वतःकडे वळवलं.

शेवटच्या दिवशी ती अर्ज घेऊन कचेरीत गेली. आवक टेबलापुढे रांग होती. भूपेंद्रभाईंनी तिचा एक कागद घेतला, मागे दुसरा आहे का ते पाहिलं, नाही म्हटल्यावर खाली मान घालून शिक्का मारला आणि पोच दिली.

ती वळली तेव्हा मागे एक बाई उभी होती. बोलण्यावरून परभणीकडची वाटत होती. काखेत जाड गठ्ठा, सुतळीने बांधलेला. चेहरा घामाने डबडबलेला, पण खूश होती. तिच्या वस्तीच्या बाजूला कचऱ्याचं केंद्र येणार होतं, त्यावर हरकती घेऊन आली होती. चारशे सह्या झाल्यात, तिने न विचारताच सांगितलं. महिनाभर फिरलो बाया.

"इथंच द्यायच्यात ना, ताई?" तिने विचारलं.

ताराने गठ्ठ्याकडे पाहिलं. वरच्या कागदावर नाव होतं, अंगठा होता, घर नंबर होता. तिला बरंच काही सांगता आलं असतं आणि ती बाई ऐकण्यासाठी थांबलीही असती. पण काय सांगायचं? सह्या देऊ नका, असं? की द्या, असं?

"हो," ती म्हणाली. "इथंच."

आणि तिला वाट करून देत ती बाजूला झाली.